चार हातांना एक बोट

नागोजीराव बंगळूरच्या यशवंतपुरात जन्मले, तिथेच वाढले, आणि तिथूनच रोज दोन बसगाड्या बदलून कॉलेजात कामाला जात राहिले. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर या मुलखात उतरला आणि माघारी गेलाच नाही, असं घरात सांगत. घोडी गेली, ढाली गेल्या, मराठी तेवढी उरली. तीही तीनशे वर्षं कन्नडच्या शेजारी नांदून तिच्यासारखेच हेल काढायला लागलेली.

वडील कापडगिरणीच्या बॉयलरखान्यात फिटर होते. सातवीनंतर नागोजीची शाळा सुटली तेव्हा त्यांनी त्याला हाताशी घेतलं, आणि पहिल्याच दिवशी आपली उजवी बाही वर सारून मनगटापासून कोपरापर्यंतचा भाजल्याचा डाग दाखवला.

"वाफ ही पाहुणी असते, नागू," ते म्हणाले. "येताना अंगात ऊब घेऊन येते. नळीच्या गार भिंतीला टेकली की ऊब तिथं ठेवते आणि पाणी होऊन खाली पडते. त्या पाण्याला वाट द्यायची. नळी सपाट टाकलीस तर पाणी तिच्या पोटात साचतं, आणि मागून वाफेचा लोंढा आला की तेच पाणी हातोडा होऊन नळी फोडतं. म्हणून चार हातांना एक बोट उतार द्यायचा. कुणी सांगो न सांगो."

चार हातांना एक बोट. काही लोकांचा जसा देवघरापुढून जाताना हात आपोआप छातीशी जातो, तसा नळी बसवताना नागोजीच्या हाताला हा उतार लागला. त्यासाठी मोजावं लागत नसे. डोळा मिटून नळी ठेवली तरी तिच्या दुसऱ्या टोकाला ते बोट उतरलेलं असे.

पुढे गिरणी मंदावली आणि चोवीस वर्षांचे नागोजीराव एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेकॅनिक म्हणून लागले. तिथे त्यांच्या हाताने दुसरी विद्या कमावली. उष्णता मोजायला दोन वेगळ्या धातूंच्या केसासारख्या तारा टोकाशी वितळवून एक करतात. त्या टोकाला मोहरीएवढा मणी येतो, आणि तो मणी जिथे बसवाल तिथली ऊब सांगतो. कॉलेजात त्याला थर्मोकपल म्हणत, नागोजीराव त्याला सांधा म्हणत. सांधा करताना ते श्वास धरत. ज्योत, तार आणि डोळा एका रेषेत आले की मणी क्षणभर सूर्यासारखा चमके, मग ते श्वास सोडत. दुसऱ्या कॉलेजांतून माणसं त्यांच्याकडून सांधे करून न्यायला येत. नागोजीराव ते कागदाच्या पुडीत बांधून देत आणि वर म्हणत, "चुकीचं सांगितलं तर परत आणा." तेहतीस वर्षांत एकही पुडी परत आली नव्हती.

बरं वाईट जे काही व्हायचं होतं, ते एका तिरप्या नळीवरून झालं.

ब्याऐंशी साली प्रोफेसर जयतीर्थांनी ती नळी बांधायला घेतली. तांब्याची, अंगठ्याएवढी रुंद, अडीच मीटर लांब. तिच्याभोवती दुसरी मोठी नळी, त्या दोहोंच्या मधून गार पाणी वाहायचं. आतल्या नळीत एका टोकाने वाफ सोडायची आणि ती निवताना भिंतीला किती उष्णता देते ते पाहायचं. सगळा सांगाडा मध्यावर एका खिळीवर तोललेला, नळी हवी तेवढी तिरपी करता यावी म्हणून. खिळीपाशी पितळेची अंशांची तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा. नळी किती तिरपी असली म्हणजे वाफ सगळ्यात जास्त ऊब देते, हा प्रोफेसरांचा प्रश्न. निवलेलं पाणी तळाशी गोधडीसारखं पडून राहतं. गोधडी जाड असली की ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि उतार मिळाला की पाणी पळतं, गोधडी पातळ होते. एवढी साधी गोष्ट, पण तिचा नेमका हिशेब जगात कुणाला धड लागलेला नव्हता.

सांगाडा नागोजीरावांनी बांधला. नळी त्यांनीच बसवली, आणि तबकडीवर शून्याची खूणही त्यांनीच छिन्नीने मारली. नळीच्या अंगात चर पाडून चोवीस सांधे बसवले, आठ ठिकाणी तीन तीन, माथ्याला, बगलेला आणि तळाला. प्रोफेसरांनी त्या नळीवर चार निबंध लिहिले. सपाट नळीत पुस्तकापेक्षा जास्त उष्णता मिळते असं त्यांना आढळलं, म्हणून त्यांनी पुस्तकातल्या सूत्राला स्वतःचा एक गुणक जोडला. त्या गुणकाला पुढे लोक त्यांच्या नावाने ओळखू लागले. प्रयोगशाळेच्या दारात ते उभे राहिले की तो गुणक त्यांच्या मागे सावलीसारखा उभा असे.

सुचेता पुण्याहून आली ती ब्याण्णवमध्ये, त्याच नळीवर डॉक्टरेट करायला. पहिल्या दिवशी नागोजीराव तिला "सुचेताम्मा" म्हणाले तेव्हा ती खळखळून हसली.

"अहो, मी काय अम्मा दिसते का तुम्हाला?"

"इथं सगळ्याच अम्मा. भाजीवाली पण, गव्हर्नर असली तरी पण."

तिला सांधे करायला शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला. तिचे मणी फुटत. ती चिडून म्हणायची, "इम्पॉसिबल आहे हे!" आणि नागोजीराव म्हणायचे, "स्वल्प श्वास धर की, अम्मा. बोलत बोलत सांधा होत नाही. पुण्याच्या माणसाला ते अवघड जाणार, मला ठाऊक आहे."

पण नळीने तिला फार छळलं. वाफ सोडली की दोन तास सगळं स्थिर व्हायला लागत. आकडे एका जागी टेकतात न टेकतात तोच वीज जाई, बॉयलर निवे, आणि दोन तास मातीला मिळत. असं करत करत तिने दोन वर्षं आकडे गोळा केले. तिची वाफ प्रोफेसरांच्या वाफेपेक्षा मंद होती, तिच्या विषयाची तशी गरज होती. आणि नेमकी तिथेच गडबड झाली. नळी तिरपी असली की आकडे पुस्तकाशी जुळत. शून्यावर आणली की पुस्तकापेक्षा चाळीस टक्के जास्त येत. सरांचा गुणक लावूनही जुळत नसत. पुन्हा घेतले तरी तेच. तबकडी पुसून, काटा तपासून, पाणी बदलून घेतले तरी तेच.

पंचाण्णवच्या जानेवारीत प्रोफेसर जयतीर्थ वही घेऊन खाली आले. ते कन्नडमध्ये बोलत, नागोजीराव कन्नडमध्येच उत्तर देत.

"नागोजी, सांधे खराब झालेत."

"सांधे खराब नाहीत, सार."

"तेरा वर्षं झाली त्यांना. आकडे वेडेवाकडे येतायत."

"सांध्यांमुळे नव्हे. दुसरं काहीतरी आहे."

प्रोफेसर हसले. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण कन्नडमध्येही आहे; तिथे नाचणारीला जमीन वाकडी दिसते. त्यांनी ती पुरी म्हटलीही नाही, नुसती सुरुवात केली आणि हात हलवून जिना चढून गेले.

आठ दिवसांनी नागोजीरावांना कार्यालयातून कागद आला. सदोष सांधेकामामुळे दोन वर्षांची निरीक्षणे संशयास्पद ठरली आहेत, सबब बाहेरून तयार थर्मोकपल मागवण्यात येत आहेत, आणि हा शेरा संबंधितांच्या सेवापुस्तकात नोंदवावा. खाली प्रोफेसरांची सही. एकतीस मेला नागोजीराव निवृत्त व्हायचे होते. तेहतीस वर्षांच्या सेवापुस्तकात आजवर बढती आणि रजा एवढ्याच नोंदी होत्या. आता त्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य हे होणार होतं.

त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला. सत्यवतीबाईंनी झाकण उघडलं, भात पाहिला, आणि म्हणाल्या, "नळीनं उपास धरला की तुम्ही?"

"माझे सांधे वाईट म्हणतात."

"कोण?"

"सर. आणि कागदावर म्हणतात. तोंडानं म्हटले असते तर मी पण दोन शब्द बोललो असतो. कागदाला काय बोलू?"

"तेरा वर्षं त्या नळीला उठवताय, झोपवताय," त्या म्हणाल्या. "आपली तिन्ही पोरं मिळून एवढी उठली-झोपली नसतील. एकदा म्हणावं तिला, काय पाहिजे ते सांग बाई."

नागोजीरावांना हसू आलं नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तो शेरा खोटा आहे हे सिद्ध करायचं, आणि मे संपायच्या आत तो पुसून घ्यायचा. बाकी निवृत्तीचं काय, ती आज ना उद्या यायचीच होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नळी खोलली. चोवीस सांधे एक एक करून बाहेर काढले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवले. सगळ्यांनी शून्य सांगितलं. मग उकळत्या पाण्यात. बंगळूर समुद्रसपाटीपासून उंचावर, इथे पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. चोवीसपैकी चोवीस सांध्यांनी सत्त्याण्णवच सांगितलं, कुणी दशांश इकडे, कुणी तिकडे. सुचेता आकडे लिहीत होती. शेवटचा आकडा लिहून तिने पेन ठेवलं.

"नागोजीराव, हे तर परफेक्ट आहेत."

"मग मी काय सांगत होतो?"

"पण मग आकडे का जुळत नाहीत? माझी फेलोशिप ऑगस्टमध्ये संपते. सर म्हणतात नवे थर्मोकपल लावून सगळं परत घे. आणि नव्यांनी पण हेच दाखवलं तर?"

"दाखवतीलच. सांध्याचा दोष नाही म्हटलं ना मी."

"मग कशाचा आहे ते सांगा ना! नुसतं माझा नाही, माझा नाही!"

हे त्यांना लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. ते वर प्रोफेसरांकडे आकड्यांचा कागद घेऊन गेले. प्रोफेसरांनी तो वाचला, घडी केली, आणि म्हणाले, "बादलीत बरोबर, नळीत चूक. म्हणजे बसवण्यात दोष. ते पण तुझंच काम." शेरा तसाच राहिला.

फेब्रुवारी गेला. बाहेरून मागवलेले थर्मोकपल अजून यायचे होते. नागोजीरावांनी आपले सांधे पुन्हा बसवले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्यांचा स्वभाव आंबला. चहाच्या पोऱ्यावर, बसच्या कंडक्टरवर, फारच झालं तर देवावर ते खेकसू लागले. रोज एक संशय घेऊन यायचे आणि संध्याकाळी तो संशय मेलेला असायचा. नळीत हवा राहत असेल? हवा काढायची तोटी बदलली. वाफेबरोबर पाणी येत असेल? वाटेत पाणी गाळणारं भांडं बसवलं. काही नाही. नळी ढिम्म. शून्यावर आणली की चाळीस टक्के जास्त.

मार्चमधल्या एका दुपारी वीज गेली. सुचेताने कपाळावर हात मारला आणि स्टुलावर बसली. नागोजीराव म्हणाले, "बरी वेळ आहे, नळी धुवून घेऊ." काटा शून्यावर होता. त्यांनी दोन्ही टोकं उघडली, वाफेच्या टोकाने पाणी ओतलं आणि दुसऱ्या टोकाखाली बादली धरली. पाणी भळाभळा आलं, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग थेंबही थांबले. त्यांनी नळीत कोरड्या फडक्याचा बोळा सरकवला, दुसरीकडून ओढून काढला आणि सुचेतापुढे धरला.

"बघ," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा अभिमान आला होता. "फडकं नुसतं दमट. नागोजीची नळी आहे. पोटात एक थेंब ठेवत नाही."

सुचेताने फडक्याकडे पाहिलं. मग बादलीकडे. मग काट्याकडे.

"एक थेंब ठेवत नाही?"

"एक नाही."

"सपाट नळी आहे ना ही? शून्यावर?" ती उठून उभी राहिली. "सपाट नळीत थोडं तरी पाणी राहायला हवं, नागोजीराव. सगळं कसं गेलं?"

  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे नागोजीरावांना त्या क्षणी हाडापर्यंत कळलं.

त्यांनी कोपऱ्यातून पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी काढली, गवंडी वापरतात तशी, आणि तिच्यात पाणी भरलं. पाणी कुणाची भीड धरत नाही; दोन्ही टोकांना ते एकाच उंचीला उभं राहतं. एक टोक सुचेताने धरलं, एक त्यांनी. वाफेच्या तोंडाशी पाणी तांब्याच्या नळीच्या बरोबर मध्यावर. दुसऱ्या टोकाला नळी त्या पाण्याच्या खाली होती. नागोजीरावांनी तिथे बोट आडवं धरलं. एक बोट, आणि वर थोडं.

अडीच मीटर म्हणजे साडेपाच हात. चार हातांना एक बोट धरलं तर साडेपाच हातांना एक बोट आणि वर थोडं.

ब्याऐंशी साली कुणी त्यांना उतार द्यायला सांगितलं नव्हतं. नळी सपाट ठेवा असंच सांगितलं होतं, आणि त्यांनी सपाट म्हणूनच ठेवली होती. वाफेची नळी सपाट म्हणजे काय, हे हाताला ठाऊक होतं. हाताने ते वडिलांकडून घेतलं होतं. प्रयोगशाळेची जमीनही पाणी मोरीकडे जावं म्हणून त्याच बाजूला उतरती, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्याला नळी आणि जमीन जोडीने सरळ दिसत. शून्याची खूण नागोजीरावांनी मारली आहे म्हटल्यावर ती तपासावी असं तेरा वर्षांत कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या नावाचा दबदबाच तेवढा होता.

"अर्धा अंश," सुचेता हिशेब करून म्हणाली. "अर्ध्याहून किंचित जास्त. एवढ्या मंद वाफेत एवढा उतार पुष्कळ झाला. पाणी पळतंय. गोधडीच नाहीये तळाला."

वीज आल्यावर त्यांनी काटा अर्धा अंश उलट चढवला आणि दोन तास दोघं आकड्यांकडे बघत बसले. आकडे स्थिर झाले. पुस्तकात सपाट नळीचे होते तेच, हुबेहूब.

सुचेताने वही मिटली. तिला हर्ष व्हायला हवा होता, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं, नागोजीराव! शून्याच्या आसपासचं एकूणएक रीडिंग! मी आईला सांगितलं होतं दिवाळीला घरी येते, आली नाही, या रीडिंगसाठी! आणि तुम्ही... कोण वाफेच्या प्रयोगाला प्लंबरसारखा उतार देतं?"

"मी," नागोजीराव म्हणाले.

ती पर्स उचलून निघून गेली. आठ दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

ते लगेच वर गेले नाहीत. बाकावर बसून राहिले. गप्प राहता आलं असतं, हेही त्यांना दिसत होतं. पोर स्वतःचा शून्य सुधारून घेईल, नवे सांधे येतील, नव्यांवर आकडे जुळतील, आणि जग म्हणेल की जुने सांधे वाईट होते. खोटा डाग तेवढा राहील. आणि सांधे चांगले होते म्हणायचं तर उतार आपला होता हे म्हणावं लागेल. दोन्ही हात आपलेच. एकाला वाचवायला दुसऱ्याला पुढे करायचं. पण खोट्यापेक्षा खरा डाग बरा. वडिलांच्या हातावर होता, तो त्यांनी कधी बाहीखाली लपवला नव्हता.

प्रोफेसर जयतीर्थांनी सगळं ऐकलं. खाली आले, पाण्याची नळी स्वतः धरून पाहिली.  नागोजीरावांना वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ब्याऐंशीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, सार."

"म्हणजे माझ्या चारही निबंधांत."

"होय, सार."

तो गुणक, ज्याला लोक त्यांच्या नावाने ओळखत, तो नागोजीरावांच्या वडिलांचं एक बोट होता. हे दोघांनाही कळलं आणि दोघांनीही उच्चारलं नाही.

"सुचेताला शून्य सुधारून तीस प्रयोग परत घेऊ दे," प्रोफेसर शेवटी म्हणाले. "जुनी खूण कानस मारून काढून टाक. शेरा मी मागे घेतो. तुझी फाईल स्वच्छ. आता हा विषय इथे संपला."

"शेरा मागे घेऊ नका, सार. बदला. सांधे निर्दोष, नळीला अर्धा अंश उतार, उतार नागोजीचा, असं लिहा."

"कशाला? कोण वाचणार आहे?"

"तुमचे निबंध वाचतात ना कुणीतरी?"

प्रोफेसरांच्या कपाळाची शीर उठली. "नागोजी, मी तुला मोकळा करतोय. तू मला अडकवतोयस."

"मी मलाच अडकवतोय, सार. माझ्या खऱ्या चुकीत. दुसऱ्याच चुकीत अडकून कशाला जाऊ?"

प्रोफेसर वर गेले. शेरा त्यांनी बदलला नाही, आणि मग मागेही घेतला नाही.

नागोजीरावांनी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. तिथले अधीक्षक भीमसेनराव, हेही जुन्या मराठी घराण्यातले, यशवंतपूरच्याच पलीकडच्या गल्लीतले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"नागोजीअण्णा, लोक इथं शेरा काढून घ्यायला येतात. तुम्ही बदलून घ्यायला आलात? ही काय साडी आहे, काठ आवडला नाही म्हणून?"

"चूक लिहिली आहे. बरोबर चूक लिहा."

"बरोबर चूक!" भीमसेनराव खुर्चीत मागे रेलले. "अण्णा, शेरा लिहिणाऱ्याची सही लागते. त्यांनी नाही म्हटलं तर मी काय करू? आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव काळं करायचा अर्ज कुठल्या फायलीत लावायचा, तसा नियमच नाही. सरी, बरं तर, ठेवून जा. आवक नोंद करतो."

अर्ज आवकेत नोंदला गेला. एप्रिलमध्ये त्यांनी दुसरा दिला, मेमध्ये तिसरा. तिन्हींना क्रमांक मिळाले, उत्तर एकालाही मिळालं नाही.

मधल्या काळात नवे थर्मोकपल आले, प्लास्टिकच्या चकचकीत पिशव्यांत. नागोजीरावांनी स्वतःचे चोवीस सांधे काढले आणि ते बसवले. नव्यांनी तेच सांगितलं जे जुने सांगत होते. ते कुणी लिहून ठेवलं नाही. तबकडीवर त्यांनी नवी खूण मारली, जुनीला मात्र कानस लावली नाही. तीस प्रयोग सुरू झाले. एका सकाळी सुचेता बॉयलरपाशी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी प्रबंधात लिहिलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जुन्या शून्यात अर्धा अंश उतार होता म्हणून. सरांनी ते पान काढायला लावलं. मी काढलं, नागोजीराव. मला सही पाहिजे त्यांची."

"काढणारच. मी तुझ्या जागी असतो तरी काढलं असतं," ते म्हणाले. मग क्षणाने, "नाही. मी नसतं काढलं. पण मी सातवी शिकलोय, माझं काय जातंय."

ती हसली नाही. त्यांनाही हसायचं नव्हतं.

एकतीस मेला दुपारी निरोप समारंभ झाला. मोठा वर्ग, खडूचा वास, बाकांवर शिक्षक, शिपाई, विद्यार्थी. नागोजीरावांच्या गळ्यात झेंडूचा जाड हार, तो मानेला सारखा टोचत होता. सत्यवतीबाई पहिल्या रांगेत जरीच्या साडीत ताठ बसल्या होत्या. प्रोफेसर जयतीर्थ बोलायला उठले, आणि ते फार चांगलं बोलले. तेहतीस वर्षं, ते म्हणाले, या माणसाच्या सांध्यांत कधी दोष निघाला नाही. या हातांनी केलेला मणी बर्फात शून्यच सांगे आणि उकळत्या पाण्यात सत्त्याण्णवच. असे हात कॉलेजला पुन्हा मिळायचे नाहीत. बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखर भरून आला. टाळ्या झाल्या.

नागोजीराव ऐकत होते, आणि वाफ कोंडावी तसा त्यांचा संताप कोंडत होता. तीन महिने जे एका ओळीत लिहा म्हणून ते पायऱ्या झिजवत होते, ते हा माणूस तोंडाने, हारासकट, इतक्या सहज देऊन टाकत होता. तोंडचे शब्द टाळ्या थांबेपर्यंत टिकणार. कागद कपाटात राहणार. आणि वाईट याचं की सर खोटं बोलत नव्हते.

त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, हार काढून टेबलावर ठेवला.

"सांधे बरोबर होते," ते कन्नडमध्ये म्हणाले. "सर म्हणाले ते खरं. पण माझ्या फायलीत उलटं लिहिलंय. दोष नळीच्या उतारात होता. ब्याऐंशीपासून. अर्धा अंश. तो उतार मी दिला. सरांच्या निबंधांत आहे तो. कुणीतरी ते लिहून ठेवा."

 मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. केवढा विनय, कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं. जाता जाताही सगळा दोष स्वतःवर घेतोय. हसू पुढे सरकत आलं, त्याच्या टाळ्या झाल्या, आणि भीमसेनराव डोळे पुसत ओरडले, "वा, नागोजीअण्णा!"

प्रोफेसर जयतीर्थ टाळ्या वाजवत होते, हळूहळू, कुणाकडे न बघता. सुचेता भिंतीला टेकून उभी होती. तिने हाताची घडी घातलेली होती.

नागोजीराव टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले. त्या थांबल्या तेव्हा त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, आणखी हळू, एक एक शब्द सुटा करून, वर्ष आणि अंश दोनदा सांगून.

या वेळी टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या.